सगळे येतात

योके माझ्या लेकीच्या घरातला संडास घासत होती आणि मी दारात अवघडून उभी होते. बाळाचा दुसरा दिवस. बाहेर फेब्रुवारीचं राखाडी आभाळ, घरात हीटरची कोरडी ऊब, आणि ही उंचनिंच, पन्नाशीची बाई पांढरा अंगरखा घालून, हातमोजे चढवून, घरच्या माणसासारखी कोपऱ्यात वाकलेली. मी म्हटलं, राहू दे, मी करते. तिनं मान वर न करता सांगितलं, "तुम्ही आजी. तुम्ही बाळाला घ्या." मग ब्रश धुता धुता सहज विचारलं, "तुमच्याकडे या आठ दिवसांत कोण येतं?" मला उत्तर शोधावंच लागलं नाही. ताठ मानेनं म्हटलं, "आमच्याकडे सगळे येतात." ती थांबली, हसली. "सगळे! मग तुम्ही नशीबवान."

आइंडहोवनहून गोव्यात फोंड्याला परत येऊन दीड वर्ष झालं. ते 'सगळे' अजून घशात अडकलंय.

नेदरलँड्समध्ये बाळंतपणानंतर अशी शिकून तयार झालेली बाई घरी येते, त्याला ते क्रामझोर्ख म्हणतात. साधारण आठ दिवस, सगळे मिळून पन्नासएक तास. पैसे सक्तीच्या आरोग्य विम्यातून जातात, तासामागे थोडे युरो आपल्या खिशातून. माझ्या लेकीनं, मुक्तानं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच नाव नोंदवून ठेवलं होतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही, फोनवर तिनं दोनदा सांगितलं होतं. पण मी डिंक, अळीव, बाळंतशेपा, वेखंड, ओवा आणि दोन पिशव्यांत गुंडाळलेली आवेल तेलाची, म्हणजे नारळाच्या घरगुती तेलाची, बाटली घेऊन निघाले ती लेकीचं बाळंतपण करायला. आणि पाहते तर माझी जागा आधीच भरलेली. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला योकेचा रागच आला. ओवा-वेखंडाची धुरी मनातल्या मनातच दिली, कारण छताला धूर लागताच वाजणारा भोंगा होता. बाळाला टोपडं घातलं की ती अलगद काढून ठेवायची, घरात गरम आहे म्हणायची. पाळण्यात मात्र कढत पाण्याची पोलादी बाटली लोकरीच्या पिशवीत घालून ठेवायची. तिचं झाकण घट्ट आहे ना, हे उलटी धरून दोनदा बघायची. तापमान, वजन, दूध किती वेळ ओढलं, लंगोट किती ओले झाले, सगळं एका वहीत. चौथ्या दिवशी वजन उतरलेलं दिसलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. योके म्हणाली, उतरतं, मग चढतं. आणि तसंच झालं.

सगळ्यात नवल वाटलं ते पलंगाचं. मुक्ताचा पलंग चार लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला, इतका उंच की तिला वर जायला पायरी ठेवावी लागली. मला वाटलं मुंग्या. आमच्याकडे नाही का, फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. जावयानं हसत सांगितलं, नाही आई, हा नियम आहे. पलंग जमिनीपासून सत्तर-ऐंशी सेंटिमीटर वर हवा, नाहीतर ती बाई काम करायला नाही म्हणू शकते. दिवसभर वाकून तिची कंबर जाऊ नये म्हणून.

बाळंतिणीसाठी नव्हे हं. बाळंतिणीची सेवा करणाऱ्या बाईच्या कंबरेसाठी.

त्या रात्री मला पार्वतीबाय आठवली. १९९० साली मी मुक्ताच्या वेळी मायेरी होते तेव्हा पार्वतीबाय रोज सकाळी यायची. न्हाणीत पाण्याचं भाण रटरटत असायचं, ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत जायचा. ती दगडावर पाय पसरून बसायची, पायांच्या खाचेत बाळ, आणि तास-दीड तास वाकून तेल, पाणी, शेक. आधी बाळ, मग मी. माझ्या पाठीवर तिच्या तळव्यांचे घट्टे लागायचे ते अजून आठवतात. बाराव्या दिवशी तिला लुगडं, नारळ, सूपभर तांदूळ आणि वर थोडे पैसे दिले. सगळं रीतीप्रमाणे. तिच्या कंबरेची चौकशी कुणी केल्याचं मात्र मला आठवत नाही. शेवटची काही वर्षं ती कमरेत काटकोनात वाकूनच चालायची. आम्ही म्हणायचो, वयच झालं ना.

आणि हो, सगळे यायचे. मावश्या, आत्या, वाड्यावरच्या बायका, भटीण, दादांच्या ऑफिसातले. मेथीची पेज येत होती, नाचणीचं सत्त्व येत होतं. झोप तेवढी येत नव्हती. आत्यानं पहिला चीक पिळून टाकायला लावला, जड पडतो म्हणाली, आणि बाळाच्या जिभेवर मधाचं बोट टेकवलं. पिवळसर, दाट, आईच्या अंगातलं पहिलं औषधच ते. मी शिकलेली, बी.एड. झालेली, तरी गप्प बसले. सगळे आले की त्यांच्याबरोबर त्यांचे सगळे समजही येतात, त्यातलं काय घ्यायचं आणि काय दारातून परत पाठवायचं हे बाळंतिणीच्या हातात नसतं. मुक्ताच्या घरी लोक कॅलेंडरात वेळ लिहून आले, अर्धा तास बसले, टोस्टवर गुलाबी-पांढरे गोड दाणे लावून दिलेले खाल्ले आणि गेले. त्या दाण्यांना ते 'छोटे उंदीर' म्हणतात. आत बडीशेपेसारखा दाणा असतो, वर साखर. दूध चांगलं येतं म्हणे त्यानं. मी मुकाट्यानं पिशवीतून बाळंतशेपा काढला आणि योकेच्या हातावर ठेवला. तिनं हुंगलं, चावलं, आणि आम्ही दोघी एकदम हसलो. माझा राग गेला तो तेव्हा.

सहाव्या दिवशी सकाळी एक दुसरी बाई आली. बाळाची टाच टोचून एका जाड कागदावर रक्ताचे थेंब उतरवून घेतले. जन्मजात आजार वेळेत कळावेत म्हणून तिथे पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाळाचं हे करतात, घरी येऊन. कागदावर ओळीनं लाल ठिपके, वाळायला ठेवलेले. त्याच रात्री मी कुणाला न सांगता पाळण्याजवळ कोरा कागद आणि पेन ठेवलं. सटवीसाठी. सहाव्या रात्री येऊन ती बाळाचं नशीब लिहिते, तिला कागद हवा. सकाळी मुक्ताला दिसलं, काही बोलली नाही. एका टेबलावर दोन कागद, एक लिहून गेलेला, एक कोरा.

सहावी रात्र जागवायची कशासाठी, हे मला आईनं कधी सांगितलं नाही. पण तिच्या पहिल्या मुलाबद्दल एकदा, एकदाच, बोलली होती. १९५८ साल, पोर्तुगीज अजून गोव्यात होते. वैजिणीनं नाळ घरच्या विळ्यानं कापली. पाच दिवस बाळ चांगलं होतं. मग त्यानं ओढायचं सोडलं, जबडा मिटला, अंग धनुष्यासारखं ताठ झालं. बारशापर्यंत राहिला नाही म्हणून त्याला नावही नाही. आईनं सटवीला दोष दिला, वैजिणीला नाही, विळ्याला तर नाहीच. आज कुणीही सांगेल, नवजात धनुर्वात. गरोदरपणी आईला दिलेली लस आणि स्वच्छ पातं, एवढ्यावर टळणारा. २०१५ साली भारतातून तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटल्याचं जाहीर झालं तेव्हा वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी होत्या. मी त्या कापून आईच्या फोटोमागे ठेवल्या आहेत.

राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरी तरी वेगळं काय होतं? पणजीला १८४२ पासून वैद्यकीय शाळा, पण खुद्द पोर्तुगालात १९६० साली जन्मलेल्या दर हजार बाळांतली सत्तराहून जास्त वर्षाच्या आत जात होती. पश्चिम युरोपातला तो सगळ्यात वाईट आकड्यांपैकी एक. आता तो तीनच्या आसपास आहे. मला हे फार विलक्षण वाटतं, कारण पोर्तुगालनं केलं ते डचांच्या अगदी उलट. १९६५ पासून सरसकट फुकट लसी, १९७९ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गावोगावची लहान लहान प्रसूतिगृहं बंद करून बाळंतपणं मोठ्या, सुसज्ज इस्पितळांत नेली. डचांनी मात्र घरचं बाळंतपण हट्टानं सांभाळलं. आजही तिथली शंभरातली पंधराएक बाळं घरीच जन्मतात. त्याची किंमत मोजली का, यावर त्यांच्याकडेही भांडणं झाली. या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या देशांचे आकडे शेजारी शेजारी मांडले तेव्हा जन्माच्या आसपास दगावणाऱ्या बाळांत नेदरलँड्स बरंच मागे दिसलं आणि देशभर खळबळ उडाली. फिनलंडनं तिसरीच वाट धरली. १९३८ साली गरीब आयांना बाळाच्या कपड्यांची पेटी द्यायला लागले, १९४९ पासून सगळ्यांना, पण अट एकच, चौथा महिना संपायच्या आत तपासणीला यायचं. लोक पेटीचे फोटो टाकतात. माझ्या मते खरी हुशारी अटीत आहे. पेटी हे आमिष.

योके आठव्या दिवशी दुपारी तीनला गेली. मुक्ताला मिठी मारली, वही ठेवली, सायकलवर बसली. नवव्या दिवशी रात्री मुक्ता स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून रडली. मी होते म्हणून ठीक, एरवी तिच्या आसपास कोण? योकेनंच सांगितलं होतं, आता बायका कमी पडतात या कामाला, काही घरी ठरलेल्यापेक्षा कमी तास मिळतात. तेव्हा तिकडे सगळं सोन्याचं, असं मला मुळीच म्हणायचं नाही.

मी एप्रिलात परत आले. आमच्या परसात चार खोल्या आहेत, भाड्यानं दिलेल्या. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणारी माणसं राहतात. आल्या आल्या मी शेजारणींना फोटो दाखवत सुटले, पलंगाचे ठोकळे, पोलादी बाटली, रक्ताच्या ठिपक्यांचा कागद. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी सकाळी फणसाखालचा पाचोळा काढताना मागच्या तारेवर नजर गेली. जुन्या साडीचे फाडलेले चौकोनी तुकडे, ओळीनं वाळत घातलेले. एवढ्या लहान तुकड्यांना घरात एकच उपयोग असतो. तिसऱ्या खोलीतली लक्ष्मव्वा बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते.

माझ्या घरापासून तिचं दार वीस पावलांवर आहे. त्या महिन्याचं भाडं तिच्या नवऱ्यानं ठरल्या तारखेला आणून दिलं होतं, आणि मी घेतलं होतं.

खोलीत गेले तर अंधार, केरोसीनचा आणि दुधाचा वास, पत्र्याखाली उकाडा. लोखंडी खाटेवर ती कुशीवर. ती खाट आमचीच, जुनी, मीच दिलेली. बाळ बारीक, पण डोळे टक्क उघडे. बाळंतपण सरकारी इस्पितळात नीट झालं होतं, पैसा लागला नाही, पहिल्या लसी टोचून तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. हे आपल्याकडे खरोखर चांगलं आहे, आणि मी ते कुणालाही तावातावानं सांगते. आई लहानपणीच गेलेली, सासू तिकडे कर्नाटकात, कोप्पळला, म्हशी टाकून येईना. नवरा दिवसपाळीला. पॅकिंगच्या कामावर ती ठेकेदाराकडून होती. २६ आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा तिच्यापर्यंत पोचलाच नाही, हजेरीपटावरून नाव गेलं एवढंच. नऊ दिवसांत कोण आलं, मी विचारलं. ती जराशी हसली. "कोण येनार, टीचर?"

अंगणवाडीची बाई माझी विद्यार्थिनी. तिला फोन केला तर ती दुपारीच काटा घेऊन आली, घामाघूम. फोनवरच्या ॲपमध्ये बोट फिरवत म्हणाली, "टीचर, ही माझ्या यादीत कशी असणार? हिचं नाव अजून कोप्पळच्या अंगणवाडीत आहे. आता इकडे ओढून घेते." तिची चूक म्हणू की कुणाची? तिच्याकडे दोन वाड्ये, निवडणुकीची कामं, पोषण आहाराचे हिशोब. बाळ दुपट्यात घालून काट्याला लटकवलं तेव्हा ते जोरात रडलं आणि आम्हा तिघींना बरं वाटलं.

गोव्याचा आकडा काढून बघाल तर छाती फुगेल. २०२० च्या सरकारी पाहणीत हजारी पाच बालमृत्यू, तेव्हा देशाचा अठ्ठावीस, मध्य प्रदेशाचा त्रेचाळीस. १९७१ मध्ये देशाचा १२९ होता, त्या मानानं आपण सगळेच कुठल्या कुठे आलो. पण छोट्या राज्याचा आकडा फार नाचरा असतो. २०१८ ला सात, २०१९ ला आठ, मग पाच. आणि जगली ती पोरं वाढतात कशी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली गोव्यातली पाच वर्षांखालची पाचातली एक वयाच्या मानानं खुजी होती. २०१९-२१ मध्ये ती चारातली एक झाली. म्हणजे मरू दिलं नाही, पण वाढायलाही नीट दिलं नाही. हे मी शाळेत पाहिलंय. पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलांची उंची मला वर्षागणिक आठवते.

गंमत अशी की घरी जाणाऱ्या बाईची युक्ती डचांची मक्तेदारी नाही. ती मराठी मुलखातूनही निघाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या साध्या बायकांना शिकवलं, बाळाचा श्वास मोजायचा, ऊब द्यायची, जंतुदोष ओळखायचा. १९९९ मध्ये त्यांचा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आला, नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटलेले. त्यावरूनच पुढे देशभर आशा कार्यकर्त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी दारी जायला लागल्या. कोप्पळला लक्ष्मव्वाच्या दारी आशा आली असती. गोव्यात आशा नेमलेल्याच नाहीत. इथे हेल्थ सेंटर कुठूनही जवळ, रस्ते चांगले, लोक शिकलेले, शिवाय घरोघरी माणसं. सगळे येतात ना!

मी ठरवलं, आपण आठ दिवस जायचं. मोजून आठ, योकेसारखे. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि वाटीभर कुळथाचं कढण घेऊन जायचे. पहिल्या दिवशी लक्ष्मव्वा उठूनच बसली, मालकीण आल्यावर बसतात तशी. तिसऱ्या दिवशी पडून राहिली. तिनं पाजायच्या आधी बाळाला साखरेचं पाणी दिलेलं मी पाहिलं आणि मोठ्या आवाजात बोलले. ती गप्प बसली. मग घरी येऊन मला आत्या आठवली आणि स्वतःचाच आवाज कानात राहिला. दुसऱ्या दिवशी नुसतं म्हटलं, दूधच पुरतं गे त्याला, तहानेलाही. तिनं मान हलवली. साखरेची वाटी खिडकीतून गेली ती पुन्हा दिसली नाही, निदान माझ्यासमोर तरी.

बाळाला तेल लावायचं तर खाटेवरच, कारण जमिनीला ओल. आणि खाट बुटकी. दुसऱ्याच दिवशी माझ्या कमरेत कळ आली. वय बासष्ट, वर गुडघे. चौथ्या दिवशी संध्याकाळी लक्ष्मव्वाचा नवरा कामावरून आला तेव्हा मी त्याला म्हटलं, परसात चिरे पडलेत ते चार आण. कुंपणासाठी आणून उरलेले, लाल, कडेनं शेवाळलेले. त्यानं आणि ह्यांनी मिळून खाट उचलली, एकेका पायाखाली एकेक चिरा सरकवला. खाट डुगडुगली, मग एका बाजूला करवंटीचा तुकडा घातल्यावर स्थिर झाली.

लक्ष्मव्वा वरून खाली वाकून बघत होती. "मुंग्यांसाठी, टीचर?"

"नाही गे," मी म्हटलं, "माझ्या कंबरेसाठी."

तिला ते फारच विनोदी वाटलं. बाळ पोटाशी धरून ती कितीतरी वेळ हसत राहिली, टाके दुखतात म्हणत. सातव्या दिवशी भाचीचं लग्न होतं सावईवेऱ्याला, त्यामुळे माझे आठ पुरे झाले नाहीत.